आसमंतातला रव

फोंड्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: 'अ‍ॅम्बियंट इलेक्ट्रोमॅग्नेटिक नॉइज'मधून, म्हणजे भोवतीच्या विद्युतचुंबकीय लहरींच्या खरखरीतून, 'वेव्ह प्रोपगेशन'ची, लहरी कशा पुढे जातात त्याची, माहिती काढतात, त्यावर मराठीत बोलायचं आहे. 'सभोवतालचा गोंगाट' आणि 'लहरींचं प्रसरण' चालेल का?

'प्रसरण' नको. उन्हात रूळ लांबतो ते प्रसरण. शाळेच्या पुस्तकात 'प्रकाशाचे संक्रमण' असतं, तोच शब्द घ्या. मकरसंक्रमणातलंच हे संक्रमण, इथून तिथे जाणं. (रोगासाठी आपल्याकडे 'संसर्ग' आहे, तो सोडू नये.)

'गोंगाट'पाशी मात्र थांबायला हवं. गोंगाट म्हटला की 'बंद करा' ओघानं आलंच. कोकणीतल्या 'बोवाळ'मध्येही तीच तक्रार. पावसाच्या तोंडावर सत्तरी तालुक्याकडे वीज चमकते आणि रेडिओ खर्रकन वाजतो, तेव्हा ती रास्तही असते. तुमच्या विषयात मात्र ही खरखरच कामाची. समजा, पणजीला एक अँटेना आणि मडगावला एक. दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या पाहिल्या तर हाती काही लागत नाही. पण पणजीवरून मडगावकडे जाणारी लहर दोन्हींत उमटते, किंचित उशिराने. हवाई अंतर 30 किलोमीटरच्या आत आणि लहरीचा वेग प्रकाशाचा, म्हणजे हा उशीर सेकंदाच्या 10 हजाराव्या भागाहूनही कमी. एक नोंद दुसरीवर थोडी थोडी सरकवायची, गुणाकार करायचा, दीर्घकाळाची सरासरी काढायची. बाकीचं एकमेकांना खोडतं आणि नेमक्या त्या उशिरापाशी शिखर उभं राहतं. पणजीहून कुणी संकेत सोडावा आणि मडगावला तो मिळावा, तसं. ध्वनिलहरींच्या बाबतीत वीव्हर आणि लोबकिस या संशोधकांनी 2001 मध्ये हे अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात दाखवलं, बाहेरून आवाज न देता, नुसत्या उष्णतेच्या थरथरीतून!

अशा गोष्टीला मी 'रव' म्हणेन. 'कलरव', 'नीरव' यांतला. तो चांगलं-वाईट काही ठरवत नाही.

आणि 'सभोवतालचा'पेक्षा 'आसमंतातला'. आसमंत म्हणजे आकाश असं पुष्कळांना वाटतं, 'आसमान'शी गल्लत होते. मूळ संस्कृत 'आ समन्तात्', सर्व बाजूंनी. या पद्धतीची अटही हीच, आणि ती शब्दातच बसलेली पाहून मला फार आनंद झाला. लहरी सर्व दिशांनी यायला हव्यात. सगळ्या विजा पश्चिमेला, समुद्रावरच चमकत राहिल्या तर लहर पणजी-मडगाव रेषेला तिरकी येईल, दोन्ही अँटेनांमधला उशीर जवळपास निम्मा दिसेल, आणि त्यावरून हिशेब केला तर लहर प्रकाशाच्या दुप्पट वेगाने गेली असं निघेल.