कोल्हापूरची हवा सुधारली की बिघडली, हे मोबाइलवरचा आजचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बघून कळतं का?

नाही. जुलैत पाऊस धूळ धुऊन नेतो, तेव्हा आकडा चांगलाच दिसणार. डिसेंबरात पहाटे गार हवा जमिनीलगत अडकते, त्यात उसाचा हंगाम, गुऱ्हाळांचा धूर, पाचट जाळणं. त्यामुळे जुलैची तुलना डिसेंबरशी करूच नका. त्याच मोजणी केंद्राचा डिसेंबर मागच्या चार-पाच डिसेंबरांशी लावून बघा.

आपल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या मोजणीत शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड ही केंद्रं आहेत. पद्धत साधी, पण भरवशाची. पांढरा फिल्टर पेपर आधी वजन करून यंत्रात बसवतात, चोवीस तास हवा ओढतात, काळवंडलेला कागद पुन्हा तोलतात. वाढलेलं वजन भागिले ओढलेली हवा, हे झालं हवेतल्या धुळीचं प्रमाण. आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला 104 नोंदी. खरी किंमत या सलग नोंदींना आहे, म्हणून केंद्राची जागा बदलू नये असं मला ठामपणे वाटतं. विद्यापीठाचा मोकळा परिसर आणि महाद्वार रोडची गर्दी यांची सरसकट सरासरी काढण्यातही अर्थ नाही.

भारतात वार्षिक सरासरीची मर्यादा पीएम 10 साठी (10 मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, पीएम 2.5 साठी (2.5 मायक्रॉनपर्यंतचे) 40. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 15 आणि 5.

घरगुती सेन्सर घेणार असाल तर जपून: दमट हवेत तो पाण्याचे बारीक थेंबही धूळ म्हणून मोजतो, आणि आपला पावसाळा कसा असतो ते ठाऊकच आहे.