कोअर आय५-१२४५०एच की रायझन ५ ७५३५एचएस? दिवसा ऑफिसचे काम आणि रात्री गेम, यासाठी कोणता प्रोसेसर घ्यावा?

तुम्ही विचारले आहे की दिवसभर एक्सेल, ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि रात्री तास-दोन तास गेम, एवढ्यासाठी लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय५-१२४५०एच घ्यावा की एएमडीचा रायझन ५ ७५३५एचएस. आणि शेवटी जोडले आहे की थोडे पैसे वाढवून आय७ घेतलेला बरा का. पहिल्या भागाचे उत्तर एका वाक्यात संपते: दोन्ही लॅपटॉपांत ग्राफिक्स कार्ड तेच आणि तितक्याच वॅटचे असेल, तर डोळे मिटून कोणताही घ्या. मी लिहायला बसलो आहे तो दुसऱ्या भागासाठी, कारण ‘आय७ म्हणजे आय५ पेक्षा वरचढ, मग पुढे काहीही लिहिलेले असो’ या समजुतीशी माझे जुने भांडण आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, यांनी आय७-१२५५यू असलेला लॅपटॉप घेतला होता. सडपातळ, हलका, दिसायला देखणा. माझ्याकडे रायझन ५ ५६००एच होता, जो २०२१ सालचा, म्हणजे त्यांच्या प्रोसेसरपेक्षा एका वर्षाने जुना, आणि ज्या मशीनमध्ये तो बसवला होता ते अंगाने चांगलेच जाड. घरातल्या एका समारंभाचे लांबलचक चित्रीकरण लहान आकारात बदलून सर्वांना पाठवायचे होते, तेव्हा ते काम आय७ कडे जाणार हे भावजींनी गृहीतच धरले. पाचापेक्षा सात मोठा, इतकाच त्यांचा मुद्दा होता. मी म्हणालो की हे काम माझ्या मशीनवर लवकर होईल, आणि त्यावरून जेवणाच्या टेबलावर जो वाद सुरू झाला तो आजही पुरता मिटलेला नाही.

शेवटी दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही चार्जरला जोडले, व्हिडिओचा आकार लहान करणाऱ्या हँडब्रेकमध्ये तीच फाईल आणि एच.२६५ या व्हिडिओ प्रकाराचे तेच सेटिंग निवडले आणि दोन्हीकडे वॅट, वेग, तापमान दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवले. सुरुवातीला भावजींचे मशीन खरोखरच पुढे होते. पॅकेज पॉवरचा, म्हणजे पूर्ण चिप खात असलेल्या विजेचा आकडा पन्नास वॅटच्या वर गेला, कोअरचा (चिपमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाचा) वेग चार गिगाहर्ट्झच्या पुढे होता आणि भावजींनी बहिणीकडे समाधानाने पाहिले. अर्ध्या मिनिटाच्या आत तो आकडा १५ वॅटवर उतरला आणि काम संपेपर्यंत तिथेच खिळून राहिला. वेगही जवळजवळ निम्म्यावर आला. भावजी म्हणाले, गरम झाला असेल, खाली पुस्तक ठेवून पाहू. पण तापमान वाढले नव्हते, उलट कमी झाले होते. त्या मशीनला सतत १५ वॅटच द्यायचे हे बनवणाऱ्यानेच ठरवून टाकले होते, आणि पुस्तक ठेवून ते बदलणार नव्हते. माझा जुना आय५ च्या तोडीचा प्रोसेसर पंख्याचा आवाज करत का होईना, पण ४५ वॅट धरून सहाही कोअर चार गिगाहर्ट्झच्या जवळपास चालवत राहिला. माझे काम पूर्ण झाले तेव्हा त्यांच्या पडद्यावरची पट्टी बरीच मागे होती.

त्यावर भावजी जे म्हणाले ते मला आजही पटत नाही. ते म्हणाले, ‘‘तुझे मशीन जाड आहे, चार्जर विटेएवढा आहे, ही तुलनाच बरोबर नाही.’’ माझे म्हणणे असे की तुलना नेमकी हीच करायला हवी. प्रोसेसर हवेत लटकत नाही. त्याची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या, पंखा, त्याला मिळणारे वॅट, हे सगळे मिळून जो वेग देतात तोच आपण विकत घेतो. नावातला आकडा त्या वेगाची हमी देत नाही.

यामागचे तंत्र थोडक्यात सांगतो. इंटेलच्या बाराव्या पिढीत ‘यू’ अक्षराच्या बहुतेक चिप्सची मूळ मर्यादा १५ वॅट, ‘पी’ची २८ आणि ‘एच’ची ४५ वॅट आहे. त्यावर थोड्या वेळेसाठी टर्बोची, म्हणजे जास्तीच्या वेगाची मर्यादा असते, जी १२५५यू साठी ५५ वॅट आहे; ती मुदत सरली की चिप मूळ मर्यादेवर येते. लॅपटॉप बनवणारा ही मूळ मर्यादा वरखाली करू शकतो, त्यामुळे एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपांत दोन वेगांनी चालतो, आणि जाहिरातीच्या पानावर याचा उल्लेख क्वचितच सापडतो. मात्र वॅट दुप्पट केले म्हणून वेग दुप्पट होत नाही. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून १५ वरून ३५ वॅटवर गेल्यावर जो फरक पडतो तो डोळ्यांना दिसतो, आणि ४५ वरून ६५ वर गेल्यावर पंखा अधिक ओरडतो पण काम थोडेच लवकर होते. सतत भार असताना ३५ ते ४५ वॅट टिकवणारा लॅपटॉप मध्यम गटात पुरेसा आहे, त्यापुढच्या आकड्यांसाठी पैसे मोजू नयेत.

त्या वादाचा दुसरा अंक ग्राफिक्सवरून झाला. भावजींचे म्हणणे होते की त्यांच्या चिपमध्ये आयरिस एक्सई हे इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स आहे, त्यामुळे हलके गेम तरी माझ्या बरोबरीने चालतील. मी टास्क मॅनेजर उघडून दाखवले तर तिथे आयरिस एक्सई हे नावच नव्हते, साधे ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’ लिहिलेले होते, आणि मेमरीच्या पानावर दोनपैकी एकच स्लॉट वापरात होता. आयरिस एक्सईला दोन चॅनेलची मेमरी, म्हणजे सहसा रॅमच्या दोन स्टिक, लागते. एकच स्टिक असेल तर तीच चिप यूएचडी म्हणून चालते. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमच्या एका चॅनेलमधून सेकंदाला २५.६ गिगाबाइट जातात, दोनमधून ५१.२, आणि स्वतःची वेगळी मेमरी नसलेल्या ग्राफिक्सचा सारा जीव या आकड्यात असतो. दुसरी स्टिक बसवून मशीन सुरू केल्यावर नाव आपोआप बदलले आणि गेमही सुधारला. हा मुद्दा भावजींनी मोकळेपणाने मान्य केला.

आता तुमच्या दोन प्रोसेसरांकडे वळतो. १२४५०एच मध्ये चार मोठे आणि चार लहान कोअर आहेत, ७५३५एचएस मध्ये सहा एकसारखे. थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालवता येणारी कामे, दोन्हीकडे १२. एका कोअरच्या कामात आणि सर्व कोअरच्या कामात दोघे इतके जवळ आहेत की निकाल लॅपटॉपच्या वॅटवर फिरतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर मात्र रायझनच घ्या, कारण त्यातले रेडिऑन ६६०एम हे अंगभूत ग्राफिक्स १२४५०एच मधल्या लहान यूएचडीपेक्षा स्पष्टपणे पुढे आहे. फक्त मेमरी दोन चॅनेलची आहे का ते बघा. वेगळे कार्ड असेल तर १०८०पी वर बहुतेक मोठ्या गेमचा वेग कार्डच ठरवते. त्यातही नाव पुरेसे नाही: लॅपटॉपमधले एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० हे कार्ड ३५ ते ८० वॅटपर्यंत आणि ४०५० हे ३५ ते ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेले असू शकते. फ्रेमचा वेग खूप वर न्यावा लागणारे नेमबाजीचे स्पर्धात्मक गेम, आणि शेकडो घटकांची गणिते करणारे रणनीतीचे गेम, यांत प्रोसेसरचा हात मोठा असतो. पण तिथेही हे दोघे एकमेकांना फारसे मागे टाकणार नाहीत.

दुकानदाराने ऐन वेळी ‘हाही त्याच तोडीचा आहे’ म्हणून दुसरे मॉडेल पुढे केले तर सावध राहा. रायझन ५ ७५२०यू हे नाव तुमच्या ७५३५एचएसचे सख्खे भावंड वाटते, पण त्यात २०१९ च्या झेन २ बांधणीचे चारच कोअर आहेत. ७००० च्या या मालिकेत बांधणी तिसऱ्या अंकावरून ओळखायची, ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २. इंटेलकडेही आय५-१३४२०एच आणि नव्या नावाचा कोअर ५ २१०एच यांत तुमच्या १२४५०एच सारखीच चार अधिक चारची मांडणी आहे, वेग काय तो थोडा वाढला आहे.

भावजींच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगायला हवे. फाईल उघडणे, ब्राउझरचे टॅब, एक्सेलची मध्यम आकाराची गणिते ही क्षणाक्षणांची कामे असतात, आणि त्या क्षणांत त्यांचा प्रोसेसर टर्बोचे वॅट घेऊन माझ्यापेक्षा चपळ चालत होता. बॅटरीवरही त्यांचे मशीन जास्त टिकत असे. ज्याला गेम खेळायचे नाहीत आणि लॅपटॉप दिवसभर सोबत वागवायचा आहे, त्याने ‘यू’च घ्यावा. पण मग आय५-१२३५यू का नको? दोन मोठे आणि आठ लहान कोअर, १२ थ्रेड, १२ एमबी कॅशे (चिपमधली जलद मेमरी), १५ आणि ५५ वॅटच्या मर्यादा, सगळे १२५५यू सारखेच. फरक आहे तो टर्बोच्या ४.४ आणि ४.७ गिगाहर्ट्झचा आणि ग्राफिक्सच्या ८० आणि ९६ युनिटांचा. एवढ्यासाठी आय७ चे पैसे मोजू नयेत हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

‘एच’ गटात गोष्ट वेगळी आहे. आय७-१२६५०एच मध्ये सहा मोठे कोअर आणि १६ थ्रेड आहेत, म्हणजे तिथे वाढीव पैशांना प्रत्यक्ष काही मिळते. तरीही तुमच्या कामांची यादी पाहता ते पैसे आधी ग्राफिक्स कार्ड ३०५० वरून ४०५० वर नेण्यात घाला, मग रॅमच्या दुसऱ्या स्टिकमध्ये. हे दोन्ही होऊन पैसे उरले आणि समोरच्या आय७ च्या शेवटी ‘एच’ असेल, तरच आय७ घ्या.