शंभरी गाठलेल्यांचं नेमकं काय घ्यायचं?

प्रश्न: आम्ही लालबागला राहतो. सासरे ८१ वर्षांचे, गिरणीत होते. व्हॉट्सॅपवर शंभरी पार केलेल्या लोकांचे व्हिडिओ बघून रोज नवीन काहीतरी सुरू करतात, कधी लसूण, कधी नुसती फळं, आता रात्रीचं जेवणच सोडलंय नि वजन उतरलंय. ऐकू कमी येतं म्हणून कट्ट्यावर जाणंही बंद. काय सांगू त्यांना? – एक सून, लालबाग

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे त्यांना रात्री जेवायला बसवा आणि वजनाचं डॉक्टरांच्या कानावर घाला, या वयात वजन उतरतं तेव्हा बरोबर स्नायू पण जातात, मग पाय लटपटतात, माणूस पडतो.

आणि त्या व्हिडिओंचं म्हणाल तर फ्रान्सच्या जान काल्माँ १२२ वर्षं जगल्या, १८७५ ते १९९७, आणि शंभरीनंतरही सिगरेट ओढायच्या, म्हणून आपण ओढायची का? तेच खाऊन सत्तरीत गेलेल्यांचा व्हिडिओ कोणी काढत नाही हो. अंगात काय घेऊन जन्माला आलो त्याचाही मोठा भाग असतो.

मी या लोकांचं ताट बघत नाही, त्यांनी म्हातारपणी काय हातात घेतलं ते बघते. आपले धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले. तरुणपणी पहिली बायको गेली, मग विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने वाळीत टाकलं, एवढं सोसूनही १९३६ साली म्हणजे ७८व्या वर्षी खेड्यापाड्यात प्राथमिक शाळा काढायला मंडळ स्थापन केलं, आणि ८६व्या वर्षी समता संघ! उद्या सकाळी उठून आपली कोणीतरी वाट बघतंय हे त्यांना माहीत होतं, मला ही गोष्ट लसणापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

तुमच्या सासऱ्यांनीही ८२चा संप बघितलाय ना? घर कसं चालवलं, कोणी उधारी दिली, नातवाला विचारायला सांगा, मोबाईलवर रेकॉर्ड करू दे. मंडळाच्या पोरांनाही सांगा, वर्गणीचा हिशोब आजोबांकडे द्या म्हणून, पण खरोखरचं काम द्या, मन राखायला दिलेलं लगेच कळतं त्यांना.

पण ऐकूच येत नसेल तर यातलं काही जमणार नाही, माणसं टाळायची सवय तिथूनच लागते. म्हणून कान याच आठवड्यात तपासून घ्या, पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात कान-नाक-घशाची ओपीडी असते. आधी घेतलेलं मशीन कपाटात पडलं असेल तर तेही घेऊन जा, बऱ्याचदा नुसतं सेटिंग बदलायचं असतं.