फ्रेझर बंद का झाली, आणि तो पंधरा फुटी लीडर

तुमचे प्रश्न मला कळले ते असे. कॅनडातल्या फ्रेझर नदीवर, चिलिवॅक गावाजवळच्या बारवर, म्हणजे काठच्या खड्यांच्या पट्ट्यावर, शेजारच्या माणसाने तुम्हाला 15 फुटी लीडर (शिसं आणि गळ यांमधली दोरी) बांधून दिला, तासाभरात मासा लागला, आणि एक वयस्कर गृहस्थ तुमच्यावर चिडले की हे मासे पकडणं नव्हे. ते का चिडले? दुसरं, आठवड्याने नदीच मासेमारीला बंद झाली. पकडून सोडून द्यायच्या अटीवर तरी ती उघडी का ठेवत नाहीत? आणि तिसरं, आपल्याला बंद असताना फर्स्ट नेशन्सची, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजांची, जाळी पाण्यात कशी?

या तिन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मूळचा दापोलीकडचा, लहानपणापासून गरवायला जाणारा. ब्रिटिश कोलंबियात आल्यापासून फ्रेझर आणि व्हेडर या दोन नद्यांवर वीसेक वर्षं काढली आहेत. तुम्ही जे केलंत ते मीही केलेलं आहे. बारवर नवा माणूस आजूबाजूला बघूनच शिकतो, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

आधी लीडरचं. उन्हाळ्यात फ्रेझरचं पाणी गढूळ असतं, कोपरापर्यंत हात बुडवला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. सॉकाय हा सामनचा एक प्रकार, तो समुद्रात प्लवकांवर आणि कोळंबीसारख्या बारीक जीवांवर वाढतो, आणि अंडी घालायला नदीत शिरला की खाणंच सोडतो. पुढचा सगळा प्रवास अंगातल्या चरबीवर. म्हणजे पाण्यात दिसत काही नाही आणि पोटाला भूकही नाही. मग तो गळाला लागतो कसा?

लागत नाही, अडकतो. सॉकाय काठाजवळच्या संथ पाण्यातून रांगेने वर जातात आणि श्वासासाठी तोंड सतत उघडमीट करत असतात. तळाला टणटण आपटत जाणारं शिसं, त्यामागे लांबच लांब लीडर, हे सगळं प्रवाहाबरोबर आडवं वाहत येतं. दोरी माशाच्या उघड्या तोंडातून सरकत जाते, शेवटी गळ येऊन थडकतो आणि जबड्यात रुततो. लीडर जितका लांब, तितकी जास्त दोरी रांगेवरून फिरते. याला इथे फ्लॉसिंग म्हणतात, दातांत दोरा फिरवतात तसं. सभ्य नाव बॉटम बाउन्सिंग. पुढच्या वेळी कुणी असा मासा काढला तर गळ कुठे आहे ते जवळ जाऊन बघा. तो बहुतेक वेळा जबड्याच्या बाहेरच्या बाजूने आत शिरलेला असतो. आमिष गिळणाऱ्या माशाला गळ आतून बाहेर लागतो.

कायद्यात तोंडाखेरीज दुसरीकडे गळ लागलेला मासा सोडून द्यायला सांगितलंय, आणि मुद्दाम ओढून अडकवायला मनाई आहे. फ्लॉस केलेला मासा 'तोंडाला'च लागलेला दिसतो, म्हणून तो या फटीतून निसटतो. ते गृहस्थ चिडले ते यावर. मी त्यांच्या बाजूचा आहे, पण माशाने आमिष घेतलं की नाही, खेळ रास्त झाला की नाही, एवढ्यापुरता तो मुद्दा मला पुरेसा वाटत नाही. खाण्यासाठी मासा धरणाऱ्याला खेळाच्या नियमांचं काय, असं कुणी विचारलं तर मला पटेल. माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो बंदीशी जोडलेला आहे.

2009 साली फ्रेझरमध्ये सुमारे 1 कोटी सॉकाय येतील असा अंदाज होता, आले 15 लाखांच्या आसपास. हाहाकार झाला, न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग बसला आणि 2012 मध्ये त्यांनी 75 शिफारशींचा अहवाल दिला. मधल्याच वर्षी, 2010 मध्ये, कुणाच्या ध्यानीमनी नसताना पावणेतीन कोटींच्या वर सॉकाय आले. त्या ऑगस्टमध्ये बारवर उभं राहायला जागा नव्हती. मीही लांब लीडर बांधून उभा होतो, मिळालेले मासे घरी नेले, आणि त्याचा मला आज पश्चात्ताप नाही. सॉकाय उघडा होता, मासा भरपूर होता, घरी न्यायचा होता.

वाईट वाटतं ते नंतरच्या एका उन्हाळ्याचं. सॉकाय बंद, चिनूक हा दुसरा सामन चालू. सगळे तोच लांब लीडर वाहवत होते आणि विचारलं की "चिनूकसाठी" म्हणत होते. मीही. त्या सकाळी मी सहा सॉकाय सोडले, चिनूक एकही नाही. सहावी मादी होती. गळ तिच्या पोटाकडच्या पराशी रुतला होता, त्यामुळे ती आडवी ओढली जात होती आणि प्रवाहात तिला काठाशी आणायला फार वेळ लागला. खड्यांवर ती लोळली. गळ काढताना माझ्या तळहाताला तिचे खवले चिकटले, मिठाईचा वर्ख बोटांना लागावा तसे. पाण्यात धरून ठेवली, कल्ले हलले, सोडल्यावर दोन हात गेली आणि पोट वर करून वाहत निघाली. खाली सीगल बसलेच होते.

त्या दिवशी मला जे कळलं ते असं: ज्या पद्धतीत माशाला घ्यायचं की नाही हे ठरवता येत नाही, त्यात कुठला मासा घ्यायचा हे मलाही ठरवता येत नाही. रांगेत जो येईल तो अडकणार. आणि फ्रेझरमध्ये कुठला मासा अडकतो, यावरच सगळं अवलंबून आहे.

दादरच्या पुलावर संध्याकाळी गर्दी असते, कोण कर्जतला जाणार आणि कोण कसाऱ्याला हे चेहऱ्यावरून कळत नाही. मिशन गावच्या पुलाखालून जाणाऱ्या सामनचं तसंच. एकाच दिवशी, एकाच पाण्यातून वेगवेगळ्या ओढ्यांचे आणि तळ्यांचे मासे चाललेले असतात. काही घराणी लाखोंत, काही मूठभर. अर्ली स्टुअर्ट सॉकाय हजार किलोमीटरहून जास्त वर चढून जातो. कल्टस तलावाचा सॉकाय, चिलिवॅकच्या अगदी शेजारचा, 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतच 'धोक्यात' ठरवला गेला. आतल्या भागातला कोहो, हाही सामनच, 1990 च्या दशकाच्या अखेरीस इतका घसरला की 1998 मध्ये केंद्रीय मत्स्यमंत्र्यांनी त्यासाठी किनाऱ्यावरची मासेमारी आवळली. आणि थॉम्पसन या उपनदीचा स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट! 2018 च्या जानेवारीत तज्ज्ञ समितीने तातडीने त्याची पाहणी केली, तेव्हा परतणारे मासे दोनशेहूनही कमी उरले होते. दोनशेपैकी एक मादी तुमच्या लीडरला अडकली, तर तो 'एक मासा' राहत नाही.

म्हणून कॅनडाचं मत्स्य खातं नदीला तारखांच्या खिडक्या लावतं. दुबळं घराणं ज्या आठवड्यांत जातं, त्या आठवड्यांत बंद. माणसं निवडून पकडत असती, म्हणजे छोटा लीडर, काठावर रोवलेला रॉड, पुढे फिरणारं स्पिन-एन-ग्लो नावाचं कृत्रिम आमिष, अशी जुनी बार फिशिंगची रीत, तर निदान चिनूकपुरती नदी उघडी ठेवणं सोपं गेलं असतं. त्या रीतीत सॉकाय क्वचितच लागतो. खात्याने वर्षानुवर्षं नोटिशीत विनंती केली की सॉकाय जात असताना बॉटम बाउन्सिंग टाळा. ऐकलं थोड्यांनी. मग कुंपण सगळ्यांनाच बसतं, आणि वीस वर्षं बार रॉड लावून शांत बसणारा म्हातारासुद्धा घरी बसतो. तुमच्यावर चिडलेल्या त्या गृहस्थांचा राग त्यातून आलेला असणार.

आता "सोडून देऊ ना". हे मी दर वर्षी ऐकतो. पाणी 18 अंशांच्या वर गेलं की सॉकायची पोहण्याची ताकद कमी व्हायला लागते, 20 च्या वर तर काही न करताही बरेच वाटेत मरतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि माशाला हवा जास्त. त्यात त्याला दहा मिनिटं झुंजवा, खड्यांवर ओढा, फोटोसाठी अर्धा मिनिट वर धरा. तो हातातून निसटून पोहत गेला म्हणजे पोचला, असं नाही. खवले गेलेल्या जागी बुरशी धरते, आणि चरबीचा हिशेब आधीच तंतोतंत असतो, कारण वाटेत खाणं नाहीच.

वाटही धड राहिलेली नाही. 1914 मध्ये रेल्वेच्या कामामुळे हेल्स गेटला दरड कोसळली, तिचा फटका पिढ्यान्‌पिढ्या बसला. 2018 च्या अखेरीस लिलुएटच्या उत्तरेला बिग बारला कडा कोसळला. माणसाच्या नजरेला तो पडला 2019 च्या जूनमध्ये. तोवर तिथे पाच मीटरचा धबधबा झाला होता, आणि मासे हेलिकॉप्टरने उचलून पलीकडे सोडावे लागले. 2024 च्या जुलैअखेर फ्रेझरला मिळणारी चिल्कोटिन नदीच दरडीने अडली आणि काही दिवसांनी फुटली, ऐन सॉकायच्या तोंडावर. अशा वर्षी "आमच्या दोन माशांनी काय होतंय" हे म्हणणं मला जमत नाही. समुद्र तापतोय, ट्रॉलर आहेत, सगळं खरं. पण त्या यादीतली एकच गोष्ट माझ्या हातात आहे, आणि ती म्हणजे माझी दोरी.

तिसरा प्रश्न जरा जपून विचारत जा, विशेषतः बारवर मोठ्याने. मस्क्वीम समाजाच्या रोनाल्ड स्पॅरो यांना 1984 मध्ये परवान्यापेक्षा लांब जाळं लावल्याबद्दल धरलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1990 मध्ये निकाल लागला: आधी माशाचं संवर्धन, त्यानंतर पहिला हक्क फर्स्ट नेशन्सचा, तोही अन्न, समाज आणि धार्मिक विधींसाठी. व्यापारी मासेमारी आणि आपण हौशी, दोघेही त्यानंतर. ही मेहेरबानी नव्हे, घटनेतून आलेला हक्क आहे. आणि त्यांचीही जाळी वर्षभर नसतात, ठरलेल्या वेळांनाच लागतात, माशांची आवक घसरली की त्यांनाही थांबावं लागतं. जुलैत येलच्या वर घळीत गेलात तर लाकडी मांडवांवर स्टॉलो कुटुंबांनी चिरून वाऱ्यावर वाळत टाकलेला सामन दिसेल. त्या घळीतला कोरडा, गरम वारा त्याच दिवसांत मिळतो. स्टॉलो या शब्दाचा अर्थच नदी.

तुम्ही पुढे विचारलंत की गावाकडे तर असं कुणी अडवत नाही. अडवतात हो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंदच असतात, आणि नारळी पौर्णिमेआधी समुद्रात न जायची रीत त्या सरकारी तारखांहून किती तरी जुनी. मात्र ओढ्यांत आपण हेच करतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे यायचे तेव्हा आम्ही पोरं शेताच्या बांधाशी टोपल्या लावून बसायचो, आणि अंड्यांनी भरलेले मासे मिळाले की घरात आनंद व्हायचा. तेव्हा ते चुकीचं आहे असं कुणी सांगितलं नाही. आज त्या ओढ्याला चढण येतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला कीटकनाशकं, बंधारे, उपसा अशी आणखीही कारणं आहेत, पण आमच्या टोपल्या त्यातून मी वगळू शकत नाही. (आणि आपण ज्याला इंडियन सामन म्हणतो तो रावस या माशांचा नातेवाईकही नाही, नावावर जाऊ नका.)

आता कामाचं. निघायच्या दिवशी सकाळी खात्याची नोटीस वाचा, परवा वाचली होती यावर जाऊ नका, हंगामात ती आठवड्यातही बदलते. मिशनच्या रेल्वे पुलाच्या खाली भरती-ओहोटीचं पाणी, तिथला परवाना वेगळा. वर गोड्या पाण्याचा प्रांतिक परवाना, आणि सामन ठेवायचा असेल तर त्यावर सामनचा शिक्का. उलटा काटा नसलेलाच गळ वापरायचा. विकत आणलेल्याचा काटा पक्कडीने दाबून सपाट करा आणि कापसात फिरवून बघा, धागा अडकता कामा नये. लीडर तीन फुटांच्या आत. लागोपाठ दोन मासे पोटाला किंवा पाठीला अडकले, तर जागा किंवा पद्धत बदला, नाहीतर आवरा. सोडायचा मासा पाण्याबाहेर काढूच नका, गुडघाभर पाण्यात उभं राहून पक्कडीने गळ उलटा फिरवला की सुटतो. व्हेडरमध्ये गेलात तर फ्लोट, म्हणजे दोरीला लावलेला तरंगता बूच, वापरा. पाणी स्वच्छ असेल तेव्हा कोहो खरोखर येऊन घेतो, फ्लोट झपकन खाली जातो. तो क्षण एकदा अनुभवलात की तळावर शिसं आपटत बसावंसं वाटणार नाही. पाठीवरचा छोटा पर कापलेला असेल तर तो हॅचरीचा, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून सोडलेला, ठेवता येतो. पर शाबूत असेल तर जंगली, सोडायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळाचे खडे एखाद्या ठिकाणी धुतल्यासारखे उजळ दिसले तर तिथे पाय देऊ नका, खाली अंडी असतात.

नदी बंद आहे तोवर रॉड आवरून ठेवा आणि ऑक्टोबरच्या मध्याला मुलांना घेऊन हॅरिसन मिल्सजवळच्या वीव्हर क्रीकला जा, लोकांना आत सोडताहेत ना एवढं आधी बघून. 1965 मध्ये सॉकायसाठी बांधलेला तो पाट आहे, काठावरून हाताच्या अंतरावर मासे दिसतात. मी गेलो तेव्हा एक मादी आडवी होऊन शेपटीने खडे उडवत होती, थांबत होती, पुन्हा उडवत होती. तिच्या जबड्याच्या बाहेरच्या बाजूला फाटलेली जागा होती, वर पांढरी बुरशी. खड्डा अजून अर्धाच झाला होता.