हेड नक्की कुठल्या इंजिनचं?

प्रश्न : माझ्या १४८९ सीसी पेट्रोल अ‍ॅम्बॅसिडरचं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांच्या) मधे तडकलं आहे. कुर्ल्याच्या भंगार बाजारात एक मिळतंय. विकणारा 'अ‍ॅम्बॅसिडरचंच आहे' म्हणतो. गुहागरहून परत परत खेपा होणार नाहीत. तिथेच काय पाहावं? – एक वाचक, गुहागर

उत्तर : 'अ‍ॅम्बॅसिडरचं' एवढ्यावर पैसे मोजू नका. या गाडीत सुरुवातीला साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असलेलं) इंजिन होतं, मग १४८९ सीसीचं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिन आलं, पुढे डिझेल आणि इसुझूचं १.८ लिटरही. तुम्हाला हवं ते हेड बिडाचं असतं. पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरला ढकलणाऱ्या दांड्यांची) आठ भोकं आणि मॅनिफोल्डच्या बाजूला पाचच पोर्ट, दोन इनटेकचे नि तीन एक्झॉस्टचे. प्लग पलीकडच्या बाजूला. पुशरॉडची भोकंच नसतील तर ते इसुझूचं असेल किंवा साइड व्हॉल्व्हचं झाकण. इंजेक्टर आणि हीटर प्लगची भोकं दिसली तर डिझेलचं. ही तिन्ही जागेवरच ठेवा.

सोबत नवं हेड गॅस्केट न्या. जुनं दबलेलं असतं, भोकं नीट जुळत नाहीत. हेड उलटं करून त्यावर गॅस्केट ठेवा. स्टडची भोकं, पाण्याच्या वाटा आणि रॉकरकडे तेल नेणारं बारीक भोक, तिन्ही जुळायला हवं. तेलाचं भोक झाकलं गेलं तर रॉकर शाफ्ट कोरडा पडतो.

याच घराण्यातलं १७९८ सीसीचं हेड फसवतं. त्या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६ मिमी, तुमचा ७३.०२५. व्हॉल्व्ह मोठे, त्यामुळे ते ब्लॉकच्या कडेला आपटू शकतात. चेंबरही (पेट्रोल जळतं तो हेडमधला खळगा) मोठं असल्याने कॉम्प्रेशन पडतं.

मग जाडी. तुमच्या हेडची चारही कोपऱ्यांवरची मापं व्हर्नियरने घेऊन कागदावर लिहून न्या. भंगारातलं हेड बरंच पातळ भरलं तर ते आधीच अनेकदा फेसिंग (खालची बाजू तासून सपाट करणं) झालेलं आहे. चेंबर लहान झालं की कॉम्प्रेशन वाढतं आणि घाटात इंजिन ठोकायला लागतं. पट्टी आडवीतिडवी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावा, ०.०५ मिमीपर्यंत वाक चालतो.

घरी आणल्यावर चेंबर मोजा. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबा, आणि सिरिंजने रॉकेल भरा. आत किती मिली गेलं ते लिहा. त्यात गॅस्केटचं आकारमान (७४ मिमी भोक, दबल्यावर ०.८ मिमी जाडी धरली तर साधारण ३.४ मिली) आणि पिस्टनच्या खोलगट भागाचं मिळवा. एका सिलिंडरचं आकारमान ३७२ सीसी. बेरीज ६० आली तर (३७२ + ६०) ÷ ६० म्हणजे कॉम्प्रेशन रेशो ७.२, ५१ आली तर ८.३. चारही चेंबर एक मिलीच्या आत सारखी हवीत.

तडा मात्र डोळ्यांनी दिसेलच असं नाही. हेड घासून, डाय-पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारून सीटच्या मधला भाग तपासून घ्या, शक्य असेल तर प्रेशर टेस्टही. २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आहे. एक्झॉस्टला कडक सीट बसवलेल्या नसतील तर त्याच वेळी बसवून टाका. नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो.

प्रश्न : प्रीमिअर पद्मिनीच्या अ‍ॅल्युमिनियम हेडला पाण्याच्या भोकांभोवती खड्डे पडलेत. टाकून द्यावं का? – एक वाचिका, मालवण

उत्तर : खड्डे गॅस्केटच्या सिलिंडरभोवतीच्या कड्याखाली पोचले नसतील तर आर्गन वेल्डिंग करून फेसिंग होतं. खरं दुखणं रेडिएटरमध्ये आहे. मे महिन्यात खारट होणारं विहिरीचं पाणी, एकीकडे बिडाचा ब्लॉक, दुसरीकडे अ‍ॅल्युमिनियम. या जोडीत खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनियम. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, दोन वर्षांनी बदला. हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड हवं, नट बाहेरून आत सैल करा. बसवताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने.