वजन गेलं कुठे?

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलीने शाळेत मॅग्नेशियमची फीत जाळून आधीचं आणि नंतरचं वजन केलं. पुस्तकात म्हटलंय वजन वाढतं, तिचं मात्र घटलं. वहीत लाल फुली मिळाली. मलाही कळत नाही, चुलीत मोळीभर लाकडं घातली तर ओंजळभर राख उरते, मग धातूच तेवढा जळून जड कसा होतो? – एक पालक, कराड

उत्तर : आलेला आकडा तसाच लिहिला, याबद्दल आधी मुलीला शाबासकी द्या. मी सत्तावीस वर्षं शाळेत रसायन शिकवलं. ज्यांचं वजन अगदी अचूक वाढलेलं असायचं, त्यांतल्या बऱ्याच वह्यांत आकडा आधी ठरायचा आणि वजन मागाहून व्हायचं.

तुमच्या चुलीतलं लाकूडही हवेतला ऑक्सिजन घेतं. पण त्यातून होणारा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ धुराड्यातून निघून जातात. तो सगळा धूर पकडून राखेबरोबर तोलता आला, तर मूळ लाकडापेक्षा जडच भरेल. मॅग्नेशियमची होते पांढरी भुकटी, ती जागेवर राहते. त्याचे 24 भाग ऑक्सिजनचे 16 भाग घेतात, म्हणजे 0.24 ग्रॅम फितीची 0.40 ग्रॅम राख.

हाच प्रश्न फ्रान्समधल्या बेर्जराकच्या ब्रँ नावाच्या औषधविक्रेत्याला पडला होता. त्याने 2 पौंड 6 औंस कथील लोखंडी भांड्यात 6 तास तापवलं. कल्हईवाल्याच्या वितळलेल्या कथलावर मळकट साय धरते ना, तसं करत करत सगळ्याची भुकटी झाली. तोलली तर 2 पौंड 13 औंस! त्याने झाँ रे या डॉक्टरला पत्र लिहिलं. रे यांनी 1630 साली उत्तर छापलं : पाणी जसं वाळूला चिकटून तिला जड करतं, तशी तापून दाट झालेली हवा भुकटीच्या कणाकणाला चिकटते. ऑक्सिजनचं नावही तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं, तरी बोट बरोबर हवेवर ठेवलं.

पुढे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने तोंड बंद केलेल्या काचपात्रात कथील तापवलं. पात्र उघडताच हवा सूं करत आत शिरली, आणि मग त्यांनी वजन केलं. ते वाढलेलं पाहून त्यांना वाटलं, अग्नीचेच कण काचेतून आत गेले. 1774 मध्ये लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पात्र उघडण्याआधी तोललं. वजन जसंच्या तसं! वाढलं ते हवा आत शिरल्यावर, म्हणजे कथलाने आतली हवा धरली होती आणि तिची जागा भरायला बाहेरची आली. बॉइलसारखा माणूस तोलायच्या क्रमात चुकतो, म्हणून मुलांच्या चुकांवर मी कधी चिडलो नाही.

आता तुमच्या मुलीचं वजन. फीत चिमट्यात धरून उघड्यावर पेटवली असेल, तर पांढरा धूर उठला असेल. तो धूर म्हणजेच तिची राख, ती वर्गभर उडाली. फीत झाकणाच्या मुशीत, म्हणजे आच सोसणाऱ्या छोट्या भांड्यात ठेवायची, झाकण मधूनमधून जरासं उचलून हवा द्यायची आणि लगेच टेकवायचं. ज्योतीकडे टक लावून बघायचं नाही, डोळ्यांना वाईट. मूस पूर्ण थंड झाल्याशिवाय काट्यावर ठेवायची नाही. गरम मुशीभोवतीची हवा वर चढते आणि काटा कमी दाखवतो. पहिल्या वर्षी मी स्वतः घाईने गरम मूस तोलली होती आणि सगळ्या वर्गासमोर तोंडघशी पडलो होतो. घरच्या स्वयंपाकाच्या काट्याला फितीच्या वजनातला एवढासा फरक समजणार नाही, सराफाकडे असतो तसला शतांश ग्रॅमचा हवा.

एवढं करूनही 0.40 च्या ऐवजी 0.38 येऊ शकतं. झाकणाखाली ऑक्सिजन कमी पडला की मॅग्नेशियम हवेतला नायट्रोजनही धरतं, आणि तो वजनाने कमी चिकटतो. थंड राखेवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाका, अमोनियाचा उग्र वास येईल, तो धरलेला नायट्रोजनच अमोनिया होऊन बाहेर पडतो. नाक मुशीवर न नेता हाताने वास ओढून घ्यावा. मग पुन्हा चांगलं तापवून, थंड करून तोला.