डब्यूकला आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन जाताय?

पहिल्या ट्रिपसाठी अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं डब्यूक निवडलंत, छान केलंत. मुक्काम मिलर रिव्हरव्ह्यू पार्कात करा, मिसिसिपी अगदी समोर. पण आधी नदीची पातळी बघाच! वरच्या भागातला बर्फ वितळला की एप्रिल-मेमध्ये पूर येतो, २०२३ मध्येही आला होता. मी तर सप्टेंबरच सुचवेन. गावातले काही रस्ते फार चढाचे, तिथे आरव्ही घालू नका, टॅक्सीने फिरा.

मुलांना ईगल पॉइंट पार्कवर नक्की न्या. खाली लॉक अँड डॅम ११ दिसतं, म्हणजे नदीवरचं धरण आणि त्याला जोडून बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारं दारांचं कुंड (लॉक). पंधरा बार्जचा (सपाट मालवाहू बोटींचा) ताफा ६०० फुटांच्या लॉकमध्ये एकदम मावत नाही, म्हणून दोन तुकडे करून नेतात. तासभर सहज जातो, घाई करू नका. संध्याकाळी डासांचं क्रीम लावा.